नागपुरात राहून दिग्दर्शन करताना

माझ्या पहिल्या लघुपटाचे चित्रीकरण मी मे महिन्यात, महाल भागातील एका जुन्या घरात केले, कारण ते घर त्याच दिवसांत रिकामे होते आणि भाडे द्यावे लागणार नव्हते. पारा 45 अंशांच्या आसपास होता. आमचा कूलर आम्ही प्रत्येक टेकच्या वेळी बंद करत होतो. शेजारचा मात्र दिवसभर चालू होता, आणि त्याची घरघर आमच्या कानांना इतकी सवयीची झाली होती की ती ध्वनिमुद्रणात उतरते आहे हे कोणाच्याच लक्षात आले नाही. संकलनाला बसल्यावर ते उघड झाले. प्रसंगातील आई खिडकीशी बसली होती आणि मुलगा आतल्या दाराशी. त्यामुळे कॅमेरा आईवर असताना घरघर मोठी, मुलावर आला की लहान, असा तो आवाज प्रत्येक कटला उसळी घेत होता. शेवटी सगळा प्रसंग डब करावा लागला, आणि पहिल्या टेकमध्ये आईच्या भूमिकेतील बाईंचा जो कापरा स्वर लागला होता, तो स्टुडिओत पुन्हा लागला नाही.

या क्षेत्रात येऊ इच्छिणारी मुले मला भेटतात, तेव्हा कोणता कॅमेरा घ्यावा हे आधी विचारतात. आवाज कोण घेणार आहे, हे मी त्यांना विचारते. चित्रीकरणाची जागा पाहायला जाताना ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे त्याच वेळी जावे, पाच मिनिटे डोळे मिटून बसावे आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढावे. शेजाऱ्यांच्या घरी दिग्दर्शकाने स्वतः जावे. साहाय्यकाला पाठवले की लोक दार लावून घेतात, स्वतः गेले की चहा देतात आणि कूलरही बंद करतात. प्रत्येक प्रसंग संपल्यावर युनिटमधील सर्वांना जागच्या जागी उभे करून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट मुद्रित करावी, म्हणजे संकलनात दोन संवादांमधील जागा भरता येते. जाता जाता प्रकाशाविषयीही एक सांगते: आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो; कॅमेऱ्याचे शटर 1/50 सेकंदावर ठेवले तर तो चित्रात लुकलुकत नाही.

प्रशिक्षणासाठी पुण्याची 1960 साली स्थापन झालेली चित्रपट प्रशिक्षण संस्था (एफटीआयआय) आणि कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था हे दोन मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. मला प्रवेश मिळाला नाही. मी मुंबईला गेले आणि दैनंदिन मालिकांवर आधी साहाय्यक आणि पुढे भागांची दिग्दर्शिका म्हणून काम केले. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण 22 मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो आठवड्याचे सहा दिवस पुरवायचा असतो. कथा कुठे जाणार हे वाहिनी ठरवते, म्हणून तिथे स्वतःचे म्हणणे मांडता येईल अशी आशा धरू नये. परंतु कमी वेळात नटाला काय सांगावे आणि काय सांगू नये, हे जेवढे मालिकेने शिकवले तेवढे दुसऱ्या कशानेही शिकवले नसते, असे माझे प्रामाणिक मत आहे. आजही वर्षातील काही महिने मी माहितीपट आणि संस्थांसाठीचे छोटे चित्रपट करते, आणि त्या मानधनातून घर चालवून उरलेल्या पैशांत माझे स्वतःचे काम उभे राहते.

करारनाम्याविषयी मात्र कळकळीने सांगायचे आहे. एका निर्मात्याने माझ्या मानधनाचा अखेरचा हप्ता दिलाच नाही. सगळे तोंडी ठरले होते, त्यामुळे मला काहीही करता आले नाही. तेव्हा मी पहिल्यांदा कायदा वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता हा निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. पटकथा तुम्ही स्वतः लिहिली असेल तर तिचा हक्क प्रथम तुमचा असतो, परंतु सही करताना तो देऊन टाकणे फार सोपे आहे. म्हणून हप्ते कोणत्या टप्प्यावर मिळणार, अंतिम संकलन कोणाच्या संमतीने होणार आणि पटकथेचे हक्क कोणाकडे राहणार, या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय मी आता पहिला शॉट घेत नाही.

नागपुरात राहण्याचे मोठे सुख म्हणजे इथले नट. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि हजारोंच्या प्रेक्षकांसमोर होतात. तिथल्या नटाचे पाठांतर आणि दम पाहून मी आजही थक्क होते. अडचण आवाजाची येते. मंडपाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचायची सवय लागलेला स्वर कॅमेऱ्यासमोर अंगावर येतो. ‘हळू बोला’ असे सांगितले की ते संकोचतात आणि भूमिकेतला जीवच जातो, म्हणून मी समोरच्या नटाला त्यांच्या अगदी जवळ, एका बाजेवर बसवते आणि म्हणते, ‘काका, पलीकडच्या खोलीत नातू झोपला आहे.’ एवढ्याने स्वर आपोआप उतरतो.

या नटांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. म्हणजे नागपुरात चित्रीकरणाला सर्वांत चांगली हवा असते, नेमके तेच महिने त्यांच्या तारखा मिळत नाहीत, आणि ते मोकळे होतात तेव्हा घराघरांत कूलर बसू लागलेले असतात. माझ्या नव्या चित्रपटाचे शेड्यूल म्हणूनच होळीनंतरच्या बारा दिवसांत बसवले आहे. घरातले प्रसंग पहाटे पाच ते सकाळी नऊ या वेळेत घ्यायचे आहेत, आणि ज्या गल्लीत चित्रीकरण आहे तिथल्या अकरा घरी मी आत्तापर्यंत जाऊन आले आहे. तीन घरे उरली आहेत.