तुटीच्या वर्षात विधानसभेचं काम कसं तपासायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून खान्देशचे २० आमदार. त्यांचं काम जोखताना ‘निधी किती आणला’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. कलम २०३ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणीच (सरकारने खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम) मांडता येत नाही. विधानसभा ती मंजूर करते, नाकारते किंवा कमी करते. वाढवू शकत नाही. विधान परिषदेला तर या मागण्यांवर मतदानही नाही. म्हणून पाहायचं ते एवढंच, की कात्री कुठे लावली आणि जाब कोणाला विचारला.

सुरुवात ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ या पुस्तिकेपासून करा. २०२५-२६ च्या अंदाजात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये. ‘राजकोषीय तूट (म्हणजे वर्षभरात लागणारं एकूण कर्ज) राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे’ हे सरकारचं उत्तर ठरलेलं असतं. महसुली तूट जास्त बोलकी, कारण पगार, व्याज, अनुदानं असा चालू खर्चही कर्जावर चाललाय असा तिचा अर्थ.

खरी परीक्षा पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांची. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या मागण्या आल्या. दोन्ही मिळून ७,००,०२० कोटींच्या अर्थसंकल्पाशी ताडलं तर जवळपास १९ टक्के. पण हा स्थूल आकडा आहे, बातम्यांत बहुधा तोच ठळक छापतात. पावसाळी मागण्यांचा निव्वळ भार (नुसत्या कागदोपत्री जमाखर्चाच्या रकमा वगळून) ४०,६४४ कोटी होता, आणि तिजोरीवर बसतो तो निव्वळच. आता कामकाज पत्रिका आणि कार्यवाही उघडा. कोणत्या विभागाच्या मागण्यांवर चर्चा झाली, कोणत्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या, याची यादी करा. सभागृह बंद पाडलं की नाही, यापेक्षा ही यादी कामाची.

कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा आमदाराचा प्रस्ताव, मोजताना प्रकार पाहा. १ रुपयाची धोरणावर, १०० रुपयांची एखाद्या गाऱ्हाण्यासाठी. ठरावीक रक्कम कापा म्हणणारी काटकसरीची सूचना कोणी दिली का? तुटीच्या वर्षात वजन तिलाच.

मग आपल्याकडची एक बाब धरा. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले. नंदुरबारकरांनी पुढच्या अधिवेशनातले तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि लक्षवेधी सूचना चाळून कोण बोललं ते बघावं. जळगाव जिल्ह्यातल्या पाडळसरे धरणासारख्या कामासाठी ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या निधी-खर्चाच्या ऑनलाइन प्रणालीवर तरतूद, वितरण, खर्च हे तिन्ही आकडे पाहा. इथेच फसगत होते: पैसा धरण बांधणाऱ्या पाटबंधारे महामंडळाकडे वळता झाला की तो ‘खर्च’ दिसतो, धरणावर सिमेंट पडलेलं असो वा नसो. आकडे डिसेंबरअखेरचे घ्या. मार्चमध्ये बिलं काढायची झुंबड उडते आणि चित्र फिरतं.

शेवटी महालेखापरीक्षकांचा राज्य वित्त अहवाल. मूळ तरतूद शिल्लक असताना पुरवणी मागणी घेतलेले विभाग त्यात सापडतात. तो बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, त्यामुळे सभागृहात चर्चेला वेळच उरत नाही. म्हणून हे अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीत आपल्या भागाचा कोणी आमदार आहे का ते शोधा आणि त्या विभागांची नावं त्यांच्या हाती द्या.