दाढ काढली तरी जबडा दुखतोच? या चुका टाळा

एक दाढ काढली, शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, तरी कळ तशीच. अशा वेळी तिसरी दाढ दाखवायची घाई करू नका. तपासणीत आणि एक्स-रेत दातात काही सापडत नसेल, तर दुखण्याचं मूळ बहुधा दुसरीकडे आहे.

डॉक्टरांना नुसतं 'फार दुखतं हो' सांगून भागत नाही. किती वेळ टिकतं, कशाने उठतं, हे सांगा. अर्धं निदान तिथेच होतं. विजेचा झटका बसावा तशी, एकाच बाजूला उठणारी आणि काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत ओसरणारी कळ ही बहुतेक वेळा ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या दुखण्याची असते. तोंड धुताना, दात घासताना, दाढी करताना ती उठते. डिसेंबरात सकाळी स्कूटरवर गार वारं लागलं की उठते, आणि वारं लागू नये म्हणून पुणेरी पद्धतीने गुंडाळलेला स्कार्फ गालाला घासला तरी उठते! नेहमीच्या पेनकिलरने ती दबत नाही. त्यावर कार्बामाझेपिन देतात, तेही न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली; रक्तातलं सोडियम तपासत राहावं लागतं आणि अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी कळवायचं. गोळीने बरं वाटलं म्हणून एमआरआय टाळू नका. नसेवर रक्तवाहिनी दाबतेय की गाठ आहे, हे त्यात बघतात.

सकाळी जबडा आखडलेला, जांभई देताना कानापुढे 'कट्' वाजतं, दुखतं? मग सांधा किंवा चावायचे स्नायू कुरकुरताहेत. लोक तोंड वासून, मुद्दाम कटकट वाजवून जबडा 'मोकळा' करतात. ते सोडा. काही दिवस भाकरीऐवजी मऊ भात, गरम शेक, च्युइंगम बंद; ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायची सवय लावा. बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो. चावा जुळवायला दात झिजवून घेऊ नका. झिजवलेला दात परत वाढत नाही.

वाकल्यावर वरच्या दाढा ठणकतात आणि नाकही चोंदलंय, तर ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पर्वती चढताना जबडा दुखतो, पायरीवर टेकलं की थांबतो? आधी हृदय तपासून घ्या. बसूनही थांबेना, घाम फुटला, तर थेट १०८.

पन्नाशीनंतर घास चावता चावता जबडा भरून येत असेल, केस विंचरताना डोकं हुळहुळत असेल, तर कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करतात, पण संशय दाट असेल तर बायोप्सीच्या (धमनीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात.