डुकराच्या पिल्लांना प्रोबायोटिक कधी आणि कसं द्यायचं

हगवण लागल्यावर प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंची पावडर किंवा पेस्ट, आणायला पळू नका, तोवर उशीर झालेला असतो. खराब जिवाणूंनी आतड्यात जागा धरायच्या आधी चांगले जिवाणू तिथे पोचायला हवेत, सगळा खेळ एवढाच आहे.

चीक पहिल्या काही तासांतच पाजा, त्याची भरपाई कुठलीच पावडर करत नाही. पाकिटावर जिवाणूचं नाव, सीएफयू (जिवंत जिवाणूंचा आकडा) आणि एक्सपायरी बघा. पेलेट खाद्यात (उष्णतेने दाबून केलेल्या गोळ्यांत) घालायचं असेल तर बॅसिलस जातीचे जिवाणूच घ्या, त्यांचे स्पोअर, म्हणजे कडक कवचातले बीजाणू, उष्णतेत टिकतात, लॅक्टोबॅसिलस हा दुसरा चांगला जिवाणू मरतो.

आता खरी अडचणीची वेळ, म्हणजे 21 ते 28 दिवसांची पिल्लं आईपासून तोडतो तो आठवडा. दूध असतं तोवर लॅक्टोबॅसिलस त्यातल्या साखरेचं लॅक्टिक अ‍ॅसिड करतो आणि पोट आंबट राहतं. दूध तुटलं की पिल्लू घाबरून नीट खात नाही, पोटातलं अ‍ॅसिड कमी पडतं, आतड्याची लव झिजते आणि ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जिवाणूला मोकळं रान मिळतं. मी सुरुवातीला नेमकं तोडलं त्या दिवशी प्रोबायोटिक चालू करायचो, तेही टाकीच्या पाण्यातून, आणि त्याच टाकीत सकाळी क्लोरीन टाकलेलं असायचं! म्हणजे जिवाणू पिल्लापर्यंत पोचायच्या आधीच मेलेले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अख्खं वेत हगवणीला लागलेलं. पिल्लं गेली तेव्हा डोळे उघडले.

तेव्हापासून तोडायच्या आठ-दहा दिवस आधीच सुरू करतो. पिल्लांच्या भरड्यात मिसळायचं, थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा ताजं, आणि जे पिल्लू खातच नाही त्याला पेस्ट तोंडात द्यायची. तोडल्यावर पुढे दोन आठवडे एक दिवसही खंड नको. पाण्यातून द्यायचंच असेल तर बिनक्लोरीनचं, गार पाणी घ्या, गरम अजिबात नको, आणि कालवलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. अँटीबायोटिकसोबत लॅक्टोबॅसिलस द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते औषध चांगला-वाईट बघून मारत नाही. कोर्स संपला की लगेच द्या.

जागा कोरडी, उबदार ठेवा, गारठलेल्या पिल्लाला पावडर वाचवत नाही.

एवढं करूनही पातळ हगवण लागली, डोळे खोल गेले, तर ताबडतोब इलेक्ट्रोलाइटचं (क्षारांचं) पाणी पाजा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा, तेव्हा नुसत्या प्रोबायोटिकच्या भरवशावर थांबू नका.