नळ बंद असतानाही पंप चालू होतोय? आधी घड्याळ घेऊन बसा

रात्री अडीच वाजता सगळं घर झोपलेलं, एक नळ उघडा नाही, आणि गच्चीवरून टक् असा आवाज येऊन पंप घुर्र करून सुरू, चार-पाच सेकंदांत परत टक्, बंद. चार मिनिटांनी पुन्हा तेच. आमच्याकडे हे जवळजवळ तीन आठवडे चाललं, आई तर म्हणायला लागली की वर कुणीतरी आंघोळ करतंय. प्लंबरने दोन मिनिटं बघून "मोटर गेली, नवीन टाका" म्हणून सांगितलं. मोटर ठणठणीत होती, आजही तीच चालू आहे.

हे सगळं गच्चीवरच्या टाकीनंतर लावलेल्या प्रेशर पंपाबद्दल आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं (बार आणि पीएसआय ही दोन्ही प्रेशरची मापंच), म्हणजे वरच्या मजल्यावर शॉवरच्या वर टाकी जेमतेम तीन मीटर असली तर हातात 0.3 बार येतं, शॉवर कसला, नुसती पिचकारी. म्हणून पंप लावतात. त्याच्यासोबत प्रेशर स्विच असतो, तो लाइनमधलं प्रेशर 1.4 बारला (20 पीएसआय) उतरलं की पंप चालू करतो आणि 2.8 बारला (40 पीएसआय) पोचलं की बंद, बऱ्याच ठिकाणी सेटिंग हेच असतं. शेजारी तो गोल डबा असतो ना, लाल किंवा निळा, तो प्रेशर टँक. त्यात रबराचा फुगा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवा दाबली जाते आणि तीच पंप बंद असताना पाणी ढकलत राहते.

आता पहिलं काम, पाना-पकड काही हातात घेऊ नका, फक्त बघा की पंप कधी चालू होतो. नळ उघडल्यावर टकटकटक करत चालू-बंद होतोय, की सगळे नळ बंद असताना मधूनच चालू होतोय? पहिलं असेल तर टँकमधली हवा गेलीय. दुसरं असेल तर पाणी कुठेतरी जातंय. आणि दर दोन-चार मिनिटांनी चालू होत असेल तर बहुतेक दोन्ही एकदम झालेलं असतं, हे कुणी सांगत नाही म्हणून लोक एक दुरुस्त करतात आणि "तरी पण चालूच होतोय" म्हणत बसतात.

हिशोब सोपा आहे. 24 लिटरचा टँक धडधाकट असेल तर 2.8 वरून 1.4 बारला येईपर्यंत तो साधारण आठ लिटर पाणी देतो. म्हणजे चार मिनिटांनी पंप चालू व्हायचा तर चार मिनिटांत आठ लिटर जायला पाहिजे, तेवढं गेलं तर घरात तळं होईल, तुम्हाला दिसेलच. दिसत नाहीये म्हणजे टँक आठ लिटर देतच नाहीये. मापून बघा, पंप भरून बंद झाला की लगेच पंपाचा विजेचा स्विच बंद करा, एक नळ बादलीत सोडा आणि गेज (प्रेशर दाखवणारं काट्याचं मीटर) 1.4 ला येईपर्यंत किती पाणी आलं ते मगाने मोजा. माझ्याकडे दीड मग. दीड!

हवा तपासायची तर एमसीबी (बोर्डावरचा पंपाचा खटका) खाली पाडा, टाकीकडून पंपाला येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि एक नळ उघडून गेज शून्यावर आणा. हे न करता हवा मापली तर पाण्याचंच प्रेशर दिसतं आणि फसता. टँकच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, त्याखाली बाईकच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. त्याची पिन नखाने दाबून बघा, हवेऐवजी पाणी आलं तर आतला रबर फाटलाय, रबर बदलता येत असेल तर तो बदला नाहीतर टँक. नुसती हवा आली तर टायरच्या गेजने मापा. पंप ज्या प्रेशरला चालू होतो त्याच्यापेक्षा दोन पीएसआय कमी पाहिजे, म्हणजे 20 ला चालू होत असेल तर 18. कमी असेल तर बाईकचा फूट पंप लावा, जुन्या सायकलचा पंप ह्या व्हॉल्व्हला बसत नाही, मी अर्धा तास खटपट केली उगाच. माझ्या टँकमध्ये 3 पीएसआय हवा होती. ती हळूहळू कमी होतेच, वर्षातून दोनदा बघत जा.

हवा भरल्यावर रात्री घड्याळ लावून बसलो. चार मिनिटांऐवजी आता वीस-बावीस मिनिटांनी पंप वाजत होता. म्हणजे एक दोष गेला, पाणी जायचं ते जातच होतं.

पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघायला एकच व्हॉल्व्ह पुरतो. पंपाकडून घरात उतरणारा. पंप भरून बंद झाला की तो बंद करा आणि गेजकडे अर्धा तास नजर ठेवा (गेज व्हॉल्व्हच्या अलीकडे पाहिजे, नसेल तर एक लावून घ्या, फार महाग नसतो). काटा खाली येत असेल तर पाणी उलटं टाकीत जातंय किंवा पंपालाच कुठे गळती आहे. पंपाच्या पोटाखाली ओलं नसेल तर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, धरत नाहीये. त्यात वाळूचा कण नाहीतर पाइप कापतानाचा किस अडकतो आणि झडप पूर्ण बसत नाही. प्रेशर सोडा, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, खोलून धुवा, परत लावताना बाण पाण्याच्या दिशेला, टेफ्लॉन टेप नवीन. झडपेचा रबर कडक झाला असेल तर सरळ नवा आणा.

काटा जागचा हलला नाही तर गळती घरात आहे. ह्यात संशयित ठरलेले. फ्लश टँक पहिला, त्याच्या टाकीत थोडी नीळ टाका, पंधरा मिनिटं कुणी वापरू नका, भांड्यात निळं उतरलं तर तळाचा वायसर गेलाय. मग जेट स्प्रे, गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी (पाणी तापताना थोडे थेंब पडणं ठीक, गीझर बंद असताना सारखं टपकत असेल तर नाही), वॉशिंग मशीनचा नळ, अंगणातला पाइप. काहीच सापडलं नाही तर एकेक बाथरूमचा स्टॉप कॉक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी अर्धा तास पंपाकडे कान ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण भिंत फोडण्यापेक्षा बरं.

आमच्याकडे वरच्या बाथरूमचा कॉक बंद केला की पंप गप्प. पण त्या बाथरूममध्ये एक थेंब ओल नाही, नीळ टाकली तरी भांडं पांढरंशुभ्र, खालच्या खोलीच्या छताला डाग नाही. प्लंबर परत आला आणि आता टाइल्स फोडू म्हणाला. तेव्हा बायको सहज बोलून गेली की हल्ली सोलरचं पाणी सकाळी कोमट येतंय, ऊन तर चांगलं आहे.

तिथे ट्यूब पेटली. आमचा सोलर साधा आहे, वर हवेची नळी उघडी असलेला, त्याचं गरम पाणी पंपातून जात नाही, नुसतं उंचीने खाली येतं, 0.3 बारच्या आसपास. गार पाणी मात्र पंपाचं, 2.8 बार. हे दोघं कुठे भेटतात? मिक्सरमध्ये. आणि त्या मिक्सरला हँड शॉवर आहे, बटण दाबलं की पाणी बंद होणारा. पाहुणे येऊन गेले होते, कुणीतरी दोन्ही नॉब तसेच ठेवून फक्त बटण बंद केलं होतं, गरमचा नॉब तर जेमतेम उघडा. मग गार पाणी बाहेर पडायला जागा नाही म्हणून गरमच्या पाइपात शिरायचं, उलटं चढून सोलरच्या टाकीत, तिथून सोलरला गार पाणी देणाऱ्या पाइपाने परत गच्चीच्या टाकीत. ओल दिसणार कुठून, पाणी घराबाहेर जातच नव्हतं, गोल फिरत होतं! तासाला बावीस-तेवीस लिटर, म्हणजे रात्रभरात दोनशे लिटरच्या सोलरमध्ये पावणेदोनशे लिटर गार पाणी. कोमटच येणार की.

तुमच्याकडे असं आहे का ते बघायला पंप वाजत असताना गरमच्या भिंतीबाहेर दिसणाऱ्या पाइपाला कान लावा, सगळे नळ बंद असून आत पाणी वाहतानाचा सूं आवाज येत असेल तर हेच. किंवा गच्चीवर सोलरच्या हवेच्या नळीतून पाणी सांडत असेल. तात्पुरता उपाय म्हणजे दोन्ही नॉब बंद करणं. पक्का उपाय, सोलरकडून येणाऱ्या गरम लाइनवर एनआरव्ही, पण स्प्रिंगवाला नको, एवढ्या कमी प्रेशरला ती स्प्रिंगच पाणी अडवते, आत झुलती झडप असलेला स्विंग टाइप घ्या आणि आडव्या पाइपात बसवा. आणि कुणी म्हणालं की सोलरलाच पंप जोडून टाका म्हणजे दोन्हीकडे सारखं प्रेशर, तर साध्या सोलरला ते अजिबात करू नका, त्याची टाकी प्रेशरसाठी बनवलेली नसते, फुटेल.

प्रेशर स्विचला मी सगळ्यात शेवटी हात लावतो, लोक नेमकं उलट करतात. आधी त्याच्या स्क्रूला पिळतात. टँकमध्ये हवा बरोबर, गळती नाही, तरी पंप कडकड करत चालू-बंद होतोय तर स्विचला जोडणारी बारीक नळी बघा, बोअरच्या पाण्याचा क्षार त्यात बसतो, तारेने साफ होते. कव्हर काढायच्या आधी एमसीबी खाली, आणि तरीही टेस्टर लावून बघायचं, आत 230 व्होल्ट उघडे असतात. पॉइंट काळे पडले असतील, जळल्याचा वास येत असेल तर स्विच नवाच घाला. मोठ्या स्प्रिंगच्या नटने चालू आणि बंद दोन्ही प्रेशर एकदम सरकतात, छोट्याने दोघांमधलं अंतर बदलतं. अर्धा वेढा फिरवा, गेज बघा, मग पुढे. आणि चालू व्हायचं प्रेशर बदललं तर टँकमधली हवाही त्या हिशोबाने बदलावी लागते.

ज्यांच्याकडे टँक नाही, नुसता पंपावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे, त्यांना हवेची भानगडच नाही, पण मग साठा असा काहीच नसल्यामुळे एक टपकणारा नळसुद्धा पंपाला सारखा उठवतो. तिथे सरळ व्हॉल्व्हवाल्या टेस्टपासून सुरुवात करा.

मी टँकवर मार्करने हवा किती भरली आणि तारीख लिहून ठेवलीय, बाथरूमच्या दारामागे चिठ्ठी, "नॉब बंद करा, नुसतं बटण नाही". चिठ्ठी कुणी वाचत नाही, म्हणून शेवटी एनआरव्ही बसवलाच.