गाणी आपली, प्लेअर कुठला?

सांगलीत आमच्या घरी वडिलांनी टेप केलेल्या मिरजेच्या दर्ग्यातल्या मैफली आहेत. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतल्यापासून त्या व्हीएलसीवरच वाजतात. हा प्लेअर २००१ पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. स्वतःच्या फाइली असतील तर हाच घ्या. नवी गाणी ऐकायला एखाद्या कंपनीचं वर्गणीवर चालणारं अ‍ॅप सोयीचं, पण त्यात डाउनलोड केलेलं गाणं बहुधा तिथेच वाजतं आणि वर्गणी थांबली की बंद.

प्लेअर कुठलाही असो, गाण्यांची यादी एम-थ्री-यू फाइलमध्ये सेव्ह होते का ते आधी बघा. ही फाइल नोटपॅडमध्येही उघडते, ओळीओळीनं गाण्यांचे पत्ते, म्हणजे कुठलं गाणं कुठे ठेवलंय ते, दिसतात. उद्या प्लेअर बदलला तरी यादी पुन्हा लावत बसावं लागत नाही.