टॉवर स्पीकरला पाय बसवताना

उभा टॉवर स्पीकर एकट्याने उलटा करू नका. खाली जाड गोधडी अंथरा, दोघांनी धरून तो आडवा निजवा आणि समोरची जाळी आधी काढून ठेवा. बुडाला आट्यांची भोकं असतील तर ती बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटरच्या बोल्टची असतात. पाय आधी हातानेच फिरवा. अडखळला तर पाना लावू नका, आटे मरतील.

भोकंच नसतील तर रबरी पाय स्क्रूने बसवा. स्क्रू बुडाच्या पाटीच्या जाडीपेक्षा आखूड हवा आणि आधी बारीक भोक पाडायचं. स्पीकरची पेटी बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या पाटीची असते. ते अख्ख्या लाकडासारखं नसतं, थेट स्क्रू घुसवला की कडेला फुगतं, फाटतं.

आता फरशीचं बघा. आपल्याकडे खेड्यात एक खोली टाइल्सची, तर दुसरी अजून सारवलेली. टोकदार पाय टाइल्सवर ओरखडे पाडतात, सारवणात रुततात. टाइल्सवर प्रत्येक टोकाखाली नाणं ठेवा. सारवलेल्या जमिनीवर आधी शहाबादी फरशीचा तुकडा बसवा आणि त्यावर रबरी पायांचा स्पीकर. शहाबादी क्वचितच सपाट असते, म्हणून गवंड्याची लेव्हल मागून आणा. स्पीकर डुलत असेल तर पाय कमीजास्त करा, मगच चेकनट (पाय जागेवर घट्ट धरणारा नट) आवळा.

पायांमुळे आवाज किती सुधारतो यावर लोक भांडतात. मला विचाराल तर खरा फायदा फरशी धुताना: एमडीएफ पाणी पितं, बूड उंच राहिलं की वाचतं. उन्हाळ्यात कूलरचा झोत मात्र स्पीकरवर येऊ देऊ नका.