तबला व्हिडिओ बघून शिकताय? या चुका टाळा

व्हिडिओ बघून तबला येतच नाही, असं काही नाही. तालांची माहिती, ठेके (तालाचे ठरलेले बोल), पढंत (बोल तोंडाने म्हणणं), भरपूर ऐकणं, हे घरी उत्तम होतं. हात मात्र कुणीतरी समोर बसून ठेवून द्यावा लागतो. नेमकं तेच आपण पडद्यावर सोडतो.

'ना' हा बोल बसका वाजतोय? तबला सुरात लावायला लगेच हातोडी उचलू नका. आधी अनामिका बघा. ती शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली हवी आणि तर्जनी चाटेवर (काठाच्या पट्टीवर) पडून लगेच उठायला हवी. अनामिका दाबली गेली की नाद मरतो, अधांतरी राहिली की 'ना' मोकाट सुटतो. किती टेकायची, हे कॅमेऱ्यात येत नाही. शिकवणारे तुमचं बोट धरून अर्ध्या मिनिटात दाखवतात.

दुसरी चूक म्हणजे चार चॅनेल एकदम धरणं. एकाचं 'तिरकिट' दिल्ली शैलीच्या बोटांचं, दुसऱ्याचं पूरब शैलीच्या खुल्या हाताचं. दोन्ही बरोबर. पण खिचडी झाली की लय वाढवताना बोटं अडखळतात, आणि माणूस समजतो की रियाज कमी पडतोय. एकच निकास (बोल काढायची पद्धत) धरा.

सोळा मात्रांच्या तीनतालात हमखास फसायला होतं ते खालीला, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा दाखवायच्या जागेला. खाली नवव्या मात्रेवर, पण तिथे बोल 'धा' आहे, म्हणजे डग्गा (डाव्या हाताचा) वाजतो. तो बंद होतो दहाव्या मात्रेपासून आणि परत खुलतो चौदाव्या 'धिं'ला. एकट्याने वाजवणाऱ्यांचा डग्गा सोळाही मात्रा घुमत असतो. हे मात्र गुरूशिवाय सुधारता येतं: हाताने टाळी-खाली दाखवत ठेका म्हणा, फोनवर वाजवणं रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका.

उलट बाजूची चूकही तितकीच. क्लास लावला, फी भरली, की झालं! मधल्या दिवसांत तबल्याची गवसणी निघत नाही. मग सर दर वेळी तोच 'ना' सुधारत बसतात. कायदे (ठरलेल्या रचना) पाठ करून प्रवेशिका परीक्षा पासही होता येतं, पण लेहऱ्यावर (फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेवर) बसवलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही.

गावात शिकवणारं कुणी नसेल, तर महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन हात तपासून घ्या. ऑनलाइन क्लासमध्ये आवाज मागे पडतो, त्यामुळे सरांसोबत एकत्र वाजवण्याचा हट्ट नको. आणि कॅमेरा चेहऱ्यावर नको, दोन्ही पुड्या (वाजवायची कातडी) दिसतील असा वरून लावा.